बाणाशेजारचा डोळा

काचेच्या टेबलावर भोवरा फिरवून कुवाबारा खाली वाकले. वरून उजवीकडे फिरणारा भोवरा खालून डावीकडे फिरत होता. यात नवं काहीच नव्हतं, तरी सकाळपासूनची ही चौथी खेप.

"अहो, कंबर धरली तर मी उचलणार नाही हं," त्यांची बायको फुमिए म्हणाली. "हिराओकांचं पत्र ना?"

ते उठले, बसले, पुन्हा उठले. एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या पत्रात एवढंच होतं : 'कुवाबारा-सान, बाणाशेजारी डोळा काढायला मी खरंच विसरलो होतो का?' उत्तर गेलंच नाही. नववर्षाची छापील कार्डं तेवढी जात-येत राहिली. यंदाच्या कार्डावर हिराओकांनी हाताने लिहिलं होतं, 'वयामुळे हे शेवटचं.'

दोघं तेव्हा एकाच अंतराळ विभागात होते. त्यांचं यान भोवऱ्यासारखं फिरत तोल सांभाळायचं. त्याला वळवायचं तर दर फेरीत नेमक्या क्षणी वायूचा झोत सोडावा लागे. म्हणून आराखड्यात फिरण्याच्या बाणाशेजारी छोटा डोळा काढायची त्यांच्या विभागाची रीत होती. कुठून पाहिलंय ते कळावं म्हणून. हिराओकांचा बाण खालून पाहिलेला होता. छापील आराखड्यात डोळा नव्हता. सगळ्यांनी तो वरून पाहिलेला धरला, झोत चुकले, अँटेना पृथ्वीपासून दूर वळली आणि शुक्राच्या वाटेवर यान मुकं झालं. चौकशीत ठपका हिराओकांवर आला. राजीनामा देऊन ते गावच्या शाळेत गणित शिकवू लागले.

कुवाबारांनी खणातून पेन्सिलीचा मूळ कागद काढला आणि खिडकीशी तिरका धरला.

फुमिएने चष्मा वर केला. "इथे काय होतं? माशी?"

"डोळा."

"मग खोडला कुणी?"

"छपाईआधी कागद तपासायला माझ्याकडे आला होता," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, पोरकट दिसतोय."

"आणि चौकशीत?"

त्यांनी भोवरा मुठीत घट्ट धरला. आत जाऊन फुमिएने पाकीट आणि तिकीट आणून ठेवलं.

पत्राचे तीन मसुदे फाटले. शेवटी त्यांनी मूळ कागदच घेतला, खोडलेल्या खुणेवर शाईने डोळा काढला आणि खाली लिहिलं, 'तुम्ही विसरला नव्हता. मी खोडला.'

कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पाकीट पडल्याचा आवाज आला. तरी ते वाकून फटीतून आत बघत राहिले.

"आता कुठून बघताय?" मागून फुमिए म्हणाली.