बाघेसुराच्या डोळ्यांतलं रक्त

सलग चौथ्या सकाळी अख्खं गाव लमियाच्या अंगणात उभं होतं. उन्हं भिंतीवर आली तसे महाराज उठले. कमंडलूतलं पाणी ओंजळीत घेऊन पुटपुटले आणि त्यांनी ते भिंतीवर रंगवलेल्या बाघेसुराच्या, आमच्या वाघदेवाच्या, तोंडावर शिंपडलं. बघता बघता वाघाच्या पिवळ्या डोळ्यांतून लाल ओघळ उतरले. बायांनी कपाळं जमिनीला टेकली. आमच्या गावाचा मुखिया, मुकद्दम समारू, त्याने डोक्यावरचं फडकं काढून हातात धरलं. मी सरकारी उपकेंद्रातली नर्स, याच गावात जन्मलेली बैगा आदिवासी. रोज सुया टोचणाऱ्या माझ्याही अंगावर काटा आला, हे आधीच कबूल करते.

"देव रक्ताने रडतोय," महाराज म्हणाले. "त्याचं रूप कागदावर उतरवून शहरात विकलंत. आता तो पोरं मागणार नाही तर काय करणार?"

विकणारी लमिया, साऱ्या गावाची दाई म्हणजे आई, ओट्याच्या कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

साठीची बाई, कपाळापासून घोट्यापर्यंत गोंदलेली. गेरू, पांढरी माती, पिवळी माती आणि कोळसा, एवढ्यावर तिने उभा जन्म भिंती रंगवल्या. तिच्या बाघेसुराच्या पाठीतून मोहाचं झाड फुटायचं, फांद्यांवर मोर बसायचे आणि पोटात हरणं उभी असायची. वाघाच्या पोटात हरणं जिवंत कशी, असं आम्ही लहानपणी विचारायचो. ती म्हणायची, खातो तेव्हा तो जनावर असतो, राखतो तेव्हा देव. दहा वर्षांपूर्वी कुणी कलेचा माणूस तिच्याकडे कागद आणि रंग ठेवून गेला. तेव्हापासून तिची चित्रं भोपाळला जाऊ लागली आणि गावाला त्याचा अभिमान होता.

मग पाऊस सरता सरता ताप आला. डोंगरालगतच्या घरातलं एक पोर दोन दिवसांत गेलं. आणखी तिघं अंथरुणाला खिळली. त्यांत लमियाची सहा वर्षांची नात होती, बजारो. मी तिघांच्या बोटांतून रक्त काढून पट्टीवर तपासलं. मलेरिया होता, तोही मेंदूत चढणारा. गोळ्यांचा पहिला डोस पोटात गेला आणि दुसऱ्या दिवशी महाराजांची जीप आली.

बारा वर्षं वाघाच्या गुहेत तप केलं, असं ते सांगत. गावातली कुत्री अंगावर आली तेव्हा मात्र ते जीपच्या टपावर चढून बसले होते आणि ड्रायव्हरने हात दिल्यावरच उतरले. लोक हसायला हवे होते. पण ज्याच्या घरात पोर तडफडतंय तो हसत नाही.

रोगराई आत येऊ नये म्हणून खिळे ठोकून गावाची शीव बांधायची रीत आमचीच. महाराजांनी तीच उचलली. पाच दिवस कुणी शीव ओलांडायची नाही, बाहेरचं औषध पोटात घालायचं नाही आणि लमियाने सगळी कागदावरची चित्रं त्यांच्या हवाली करायची. ते ती नर्मदेत बुडवून देवाला शांत करणार होते. माझी औषधांची पिशवी समारूने आपल्या कोठीत बंद केली. मी भांडले. तो ओरडला नाही.

"फगनी, तू आमचीच पोर आहेस," तो म्हणाला. "पण तुझ्या सुयांनीच ते पोर गेलं, असं लोक बोलतात. पाच दिवस गप्प राहा."

मी गप्प राहिले. अकरा किलोमीटरवर पक्की सडक होती. चालत जाऊन मी गाडी आणू शकले असते. पण मी गेले आणि मागे आणखी एखादं पोर दगावलं, तर या गावात मला कुणी पाणीही देणार नाही, या भीतीने माझे पाय उचलले नाहीत.

त्या चौथ्या सकाळी बजारोला झटके येऊ लागले. तिची आई तितरी तिला उचलून अंगणात घेऊन आली आणि भिंतीपुढे ठेवून सासूकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा उरलं नव्हतं.

"दाई, तुझा देव आहे. त्याला सांग, मला घे म्हणावं. हिला सोड."

लमिया उठली. भिंतीला दोन्ही हात लावून तिने वाघाच्या तोंडावर तोंड टेकलं आणि ती हुंदके देऊ लागली. लाल ओघळ तिच्या ओठांना लागला. हुंदका मधेच थांबला. तिने जीभ फिरवून पुन्हा चाखलं. चाळीस वर्षं तंबाखूत चुना मळून खाणारी बाई ती.

"चुना," ती म्हणाली.

महाराज पुढे धावले. पापी हात देवाला लावू नकोस, जळून जाशील, असं बरंच काही बोलले. लमियाचं लक्ष नव्हतं. तिने नखाने वाघाचा डोळा खरवडला आणि नाकाशी धरला.

"मी डोळे पिवळ्या मातीने काढले होते. ही हळद आहे. माझ्या वाघाला हळद कुणी लावली?"

सगळ्यांनाच आठवलं. पहिल्या दिवशी देव जागा करायला म्हणून महाराजांनीच डोळ्यांवर अंगठा फिरवला होता.

मी घरात धावले आणि हळद आणली. लमियाने ती तळहातावर चोळली, महाराजांच्या हातातला कमंडलू हिसकला आणि पाणी ओतलं. तळहात लालभडक झाला. तिने तो गावासमोर धरला.

"बघा. आता माझा हातही पोरं मागतोय का?"

मी चिंचेचं पाणी घेऊन भिंतीवरच्या ओघळावर चोळलं. लाल पुसून पुन्हा पिवळं झालं. चुन्याची निवळी पाण्यासारखीच दिसते. हळदीवर पडली की लाल होते आणि आंबट लागलं की पुन्हा पिवळी. हळदीचा डाग साबणाने धुणाऱ्या प्रत्येक बाईने हे पाहिलेलं असतं. मीसुद्धा शंभरदा पाहिलं होतं. पण देवाच्या डोळ्यात पाहिलं आणि ओळखलं नाही.

कलियुगात देव अशीच परीक्षा पाहतो, असं म्हणत महाराज जीपकडे सरकू लागले. समारू आधीच तिथे पोहोचला होता. मागच्या सीटवर लमियाची चित्रं पुठ्ठ्याच्या नळ्यांत, वरून प्लास्टिक गुंडाळून नीट रचलेली होती.

"बुडवायच्या कागदाला कोण पावसापासून जपतं, महाराज?" समारूने विचारलं.

महाराजांना मारायला चार जण धावले. पण समारूने त्यांना आवरलं आणि पोरं आणायला पिटाळलं. कोठी उघडून माझी पिशवी त्याने स्वतः आणली. तिन्ही पोरांना जीपमध्ये घातलं, ड्रायव्हरशेजारी समारू बसला आणि शिवेवरचे खिळे चाकांखाली घालत आम्ही निघालो. महाराज अंगणात पोलिसांची वाट पाहत राहिले, गावकऱ्यांच्या मधोमध.

दोन पोरं वाचली. दवाखान्यात इंजेक्शनं मिळाली आणि अकरा दिवसांनी ती चालत घरी आली. बजारो वाटेत, नदीच्या उतारावरच गेली, आजीच्या मांडीवर. लमियाला बराच वेळ कळलं नाही. ती तिच्या कपाळावर ओला पदर फिरवत राहिली आणि मला सांगवेना.

पुढे बाया तिच्या पाया पडायला आल्या. मी गेले तेव्हा तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"पोरी, तुला माहीत होतं ना?"

"रक्ताचं नव्हतं, दाई. तापाचं माहीत होतं."

"मग तापाचं तरी ओरडून सांगायचं होतंस."

म्हणून आता मी गावोगाव फिरून हे सांगते. देवाच्या डोळ्यांतून रक्त आलं तर हात जोडण्याआधी बोट लावून पाहा. देव खरा असेल तर तेवढ्याने रागावणार नाही. तापलेल्या पोराचं रक्त त्याच दिवशी तपासा. आणि शंका आली की त्याच क्षणी, सगळ्यांसमोर, मोठ्याने विचारा. चार दिवसांनी विचारलेल्या प्रश्नालाही खरं उत्तर मिळतं, पण तोवर पोर हातचं गेलेलं असतं.