अळू उकळेपर्यंत

आमच्या गावात कोण कसा आहे हे मानाय इस्काला, म्हणजे आमच्या इस्काताईला, विचारावं. ती पदार्थाचं नाव घेते आणि माणूस सगळा कळतो. आमचे फादर म्हणजे आडोबो, सिरक्यात मुरलेलं मांस, आजच्यापेक्षा उद्या अधिक गोड. मला ती लुगाव म्हणते, भाताची पेज. आजाऱ्याला चालते, बाकी कुणाला आठवत नाही.

तिचा धाकटा भाऊ कुलास म्हणजे सिनिगांग, चिंचेचं सार. आंबट, कढत, पोटात काही ठेवायचा नाही. मोठा विदाल म्हणजे लाइंग, नारळाच्या दुधात शिजवलेला अळू. पवित्र आठवड्यात त्यांच्या घरी प्रभूच्या दुःखाची गाथा गायची, हा त्यांच्या आईचा नवस. एकाने कडवं म्हणायचं, समोरच्याने पुढचं उचलायचं. अठरा वर्षं हे दोघे समोरासमोर बसले. ऐकताना चुलीपाशी आमचे हात थांबत.

मग आई गेली तेव्हा कुलास जहाजावर होता, माती द्यायला पोचला नाही. तीन वर्षं विदालने त्याचं एकही पत्र उघडलं नाही. यंदा दोघे समोरासमोर बसले नाहीत तर नवस इथेच संपवायचा, असं इस्काने ठरवलं होतं.

बुधवारी दुपारी कुलास मागच्या दाराने आला आणि स्वयंपाकघरात उभा राहिला. इस्का लगेच बाहेर गेली, विदाल पोथी गात बसला होता तिथे.

"विदाल, कुलास आलाय."

"पाणी दे त्याला," विदाल म्हणाला आणि पान उलटलं.

थोड्या वेळाने ती पुन्हा गेली. "एक शब्द तरी बोल."

"मानाय, मी गातोय."

ती परत आली तेव्हा मी अळूच्या पातेल्यात पळी घालत होते. तिने माझा हात धरला. "अगं, दुधाला उकळी नाही आली. आत्ता ढवळशील तर घसे खाजतील सगळ्यांचे."

"मग तू बाहेर जाऊन दुसरं काय करतेयस?" मी म्हटलं.

कुलास हसला. "मानाय, पेजेला तोंड फुटलं."

"तू गप बस रे," इस्का म्हणाली. पण मग पाटावर बसली ती उठली नाही.

बराच वेळ बाहेरून नुसते गाण्याचे आवाज येत राहिले. विदालच्या समोर, कुलासच्या जागी, म्हातारा तास्यो होता. माउली क्रुसाखाली उभी आहे, त्या कडव्यावर त्याला ठसका लागला. कडवं अधांतरी राहिलं. कुणी उचललं नाही. मग माझ्या शेजारून, हळू आवाजात, कुलासने उचललं.

विदालने मान वर केली नाही. त्याने पुढचं कडवं म्हटलं. त्याच्या पुढचं कुलासने दारातून म्हटलं. अशी चार कडवी झाली. मग तास्योने सरकून जागा केली, आणि विदालने पोथी मधोमध ठेवली.

"उभ्याने किती गाशील," तो म्हणाला. "बस."

कुलास बसला. डोळे पुसत गात होता, तरी सूर नीट लागला. देवाची कृपा, दुसरं काय.

पातेल्याला उकळी आली होती. इस्काने पळी घेतली, तळापासून एकदा फिरवली.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली, "अळू दुप्पट लावायला हवा."