चार ओळींचा अर्ज

१९६८ साली अमेरिकेच्या पहिल्यावहिल्या पायदळ पलटणींची खडानखडा माहिती असलेला नागपुरात एकच माणूस होता, आणि ती माहिती कोणालाच नको होती. देवराव मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर, मी त्याचा सहायक. अमेरिकेहून लाल गव्हाच्या मागोमाग विद्यापीठात पुस्तकांच्या पेट्याही आल्या होत्या. गहू लोकांनी नावं ठेवत खाल्ला. पुस्तकं एकट्या देवरावनं वाचली. ओहायो नदीकाठच्या किल्ल्यांत सैनिकांच्या बायका कशा राहत, यावर तो नऊ वर्षं प्रबंध लिहीत होता. सैनिकांच्या दर कंपनीमागे चार बायका धोबिणी म्हणून ठेवत, प्रत्येकीला एक शिधा. नवरा मेला की बाईनं दुसरा सैनिक तरी बघायचा, नाहीतर किल्ला तरी सोडायचा. हे तो जेवताना सांगे. आम्ही वरण वाढून घेत ऐकत असू.

मग त्याचे मेहुणे वारले. कामठीच्या छावणीत हवालदार होते, कावीळ झाली. महिन्याभरात क्वार्टर सोडा, असा कागद आला. बहीण प्रेमिला वसतिगृहाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. बाईमाणसाला आत मज्जाव. ती पाटी देवरावनंच रंगवून घेतलेली.

"दादा, चार ओळी लिहून दे गा. माह्या जयाची मॅट्रिक मार्चात हाय. तवापर्यंत राहू द्या म्हना. भिवापूरले गेलो का तिचा काका तिले मिरची तोडायले लावते. मंग कोनती परीक्षा न कोनतं काय!"

"काहून घाबरून राहिली वं? असा अर्ज लिहितो, का सायबानं उभं राहून वाचावा."

"बसूनच वाचू दे त्याले. पन चारच ओळी लिही."

अर्ज अकरा पानांचा झाला. तळटिपा तेवीस. सुरुवात ओहायोकाठच्या एका विधवेपासून. त्यानं मला दाखवला. जयाची परीक्षा नवव्या पानावर उगवते, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण नऊ वर्षांत त्याचं लिहिलेलं पहिल्यांदाच कोणीतरी वाचणार होतं. "पाठव," म्हणालो.

पंचवीस दिवसांनी उत्तर आलं: 'अर्जदाराच्या पतीची सेवा अमेरिकी पायदळात झाल्याचे अर्जावरून दिसते. सबब सदर मागणी त्या सरकारकडे करावी. क्वार्टर मुदतीत रिकामे करावे.'

पहिलं पान वाचलं होतं, म्हणजे. तेवढं तरी हल्ली कोण वाचतं?

आम्ही दोघं कामठीला धावलो. साहेब भला माणूस निघाला. त्यानं चहा पाजला.

"फाइल वर गेली, प्रोफेसरसाब. परत आल्याशिवाय माझ्या हातात काही नाही."

"केव्हा येईल?"

"येईल. मार्च-एप्रिलपर्यंत येऊन जाईल." मग तो हळहळत म्हणाला, "चार ओळी लिहून आणल्या असत्या, तर मीच सही करून दिली असती."

परत येताना देवराव गाडीत अर्जाची प्रत चाळत बसला. मी चहा चांगला होता, एवढंच म्हणालो.

एकतीस जानेवारीला मायलेकी भिवापूरच्या बसमध्ये बसल्या. हवालदाराची काळी पेटी टपावर चढली. तिच्यावर त्याचा नंबर पांढऱ्या रंगात तसाच होता. देवराव खिडकीशी उभा होता.

"मी अपील लिहून राहिलो, प्रेमिला. सोळा पानं झाली."

कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा प्रेमिलानं विचारलं, "दादा, तुह्या अर्जातली ते अमेरिकेची बाई... किल्ल्यातून काढल्यावर तिचं काय झालं गा?"

"मालूम नाही. फाटकाबाहेर गेली का तिची नोंद सापडत नाही."

"लेकरू होतं तिले?"

"एक पोरगी होती."

जया तोवर मांडीवरचं भूगोलाचं पुस्तक उघडून बसली होती. तिनं मान वर केली.

"मामाजी, कामठीले पेपर अकरा वाजता हाय. भिवापूरहून पहिली बस कितीले निघते?"

त्या किल्ल्यातल्या धोबिणीला शिध्यात किती औंस मीठ मिळे, हे देवरावला तोंडपाठ होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी टपावरच्या पेटीकडं पाहिलं. तेवढ्यात बस सुटली.