आकारामच्या खाटेजवळची पिचकारी

मित्रांनो, मी काचेची एक जुनी पिचकारी. रंगपंचमीची नव्हे, कोल्हापुरातल्या एका दवाखान्यातली. ज्यांना लघवीसाठी रबरी नळी घातलेली असे, त्यांचे मूत्राशय माझ्यातून कोमट पाणी सोडून धुतले जाई, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या नळीत अडकत नसत. एकोणपन्नास साली मी इथे आले आणि लीलाताई नावाच्या नर्सच्या हाती पडले.

लीलाताई मला उकळून घेत, खाटेभोवती पडदा ओढत आणि माझा दट्ट्या अगदी हळू दाबत. आत गेलेले पाणी बाहेर आल्याशिवाय त्या मला पुन्हा भरत नसत. डॉक्टर त्यांचे कौतुक करत, तेव्हा मलाही अभिमान वाटे.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात नेसरीच्या आकाराम नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची लघवीच्या त्रासासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनाही नळी घातली. बाईमाणसाने आपले हे सारे करावे याची त्यांना फार लाज वाटे. ते भिंतीकडे तोंड करून पडत. लीलाताई मात्र काम करता करता त्यांच्या भुईमुगाची चौकशी करत. चौथ्या दिवशी आकाराम आपणहून इकडे वळले आणि बोलू लागले. त्यांची बायको धोंडुबाई पायथ्याशी बसून असे. नळीला जोडलेल्या बाटलीत लघवी उतरायची थांबली की लगेच हाक मारायची, हे लीलाताईंनी तिला शिकवून ठेवले होते.

पाचव्या दिवशी लीलाताईंची सुट्टी होती. नेमकी त्याच दुपारी लघवी थांबली. धोंडुबाईने दोनदा हाक मारली. चाळीस खाटांमागे एकटी धावणारी नवी नर्स तासाभराने आली. तिने मला भरून दाबले. पाणी परत आले नाही. तिने मला पुन्हा भरले.

"बाई, पाणी भाईर येत न्हाय, आन् तुम्ही आनखी आत ढकलताय," धोंडुबाई म्हणाली.

तिला गप्प बसवून नर्सने सगळा जोर लावला. आकारामांनी खाटेची कड घट्ट धरली. मग आतली जखम उसवली आणि नळीतून ताजे रक्त आले. डॉक्टर धावले, पुन्हा शस्त्रक्रिया झाली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आकाराम गेले.

लीलाताई कामावर आल्या तेव्हा धोंडुबाई वळकटी बांधत होती.

"ताई, तुम्ही शिकवल्यालं मी समदं सांगितलं की," ती म्हणाली. "मला कोण इचारतंय?"

लीलाताई खाली बसल्या आणि तिच्यासोबत वळकटीची दोरी आवळू लागल्या.

पुढे नव्या मुलींना शिकवताना, मला हातात घेण्याआधी त्या खाटेजवळच्या माणसाला विचारायला लावत: तुम्ही काय पाहिलंत?

सत्तावन्न साली उकळताना मला तडा गेला. तेव्हापासून मी कपाटात मागे पडून आहे. त्याचे मला दुःख नाही. पण मित्रांनो, आजाऱ्याजवळ बसलेले माणूस काही सांगत असेल, तर हातातले काम थांबवून ऐका. धोंडुबाईचे बोलणे मी ऐकले होते. मला थांबता येत नव्हते. तुम्हाला येते.