न पाहिलेली रात्र

भाद्रपद सरत आला होता. काळ्याभोर, जलतृप्त मातीवर सांजेचं केशर सांडलं होतं. सूर्यफुलं माना टाकून उभी होती, आणि भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातल्या एकसारख्या घरांवरून एकसारख्या सावल्या उतरत होत्या.

दरवर्षी याच दिवसांत टीव्हीवाले येत. तीस वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीची आठवण न्यायला येत. जुन्या गावाच्या ढिगाऱ्यासमोर शरणप्पांना बसवत, आणि शरणप्पा सांगत: ती पाताळगर्जना, ती धूळ, ती भिंत, आणि भिंतीखाली गेलेली त्यांची तरुण बायको, महादेवी.

निलावती तेव्हा कॅमेऱ्यामागे उभी असे. भूकंपानंतर दुसऱ्या वर्षी ती राज्याच्या सीमेपलीकडच्या गावातून शरणप्पांशी लग्न होऊन आली. परवाच टीव्हीवाल्यांतली एक चुणचुणीत पोरगी हसून म्हणाली होती, "आजी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय तुम्ही."

ती झाली बाजूला. दरवर्षीच होई.

ती रात्र तिची नव्हती. तो कंप तिच्या पावलांना ठाऊक नव्हता. तरी सारा संसार त्याच रात्रीत सरला. शरणप्पा छपराखाली निजत नसत, घरात पाऊलसुद्धा ठेवत नसत. म्हणून तीही अंगणात निजली. ऐन गारठ्यात निजली, ऐन वैशाखात निजली. दवानं जडावलेली गोधडी, आणि गोधडीवर निर्विकार नक्षत्रं. दोन्ही लेकरं त्या नक्षत्रांखालीच वाढली, मोठी झाली, दूर गेली. न पाहिलेल्या रात्रीची ही जन्मठेप तिनं हूं की चूं न करता भोगली.

आज माहितीपट लागला. ती आत, टीव्हीसमोर, शेंगा सोलत बसली. शरणप्पा उंबऱ्याबाहेर, दाराशी. पडद्यावर महादेवीचा धूसर फोटो उजळला. कुंकुमांकित, मृगनयन, कधीच म्हातारा न होणारा चेहरा. मागून धीरगंभीर आवाज म्हणाला, "महादेवी गेली. शरणप्पा मात्र आजही एकटेच आहेत."

सोलणारे हात थांबले.

"एकटे," निलावती म्हणाली.

"मी तसं बोललो नाही," बाहेरून आवाज आला.

"नाही बोललात. पण मी आहे, असंही नाही बोललात." तिचा स्वर चढला नाही. "तिचा फोटो मीच पुसते. पितरांत तिचं पान मीच वाढते. तिचा राग नाही मला. पण इतकी वर्षं मी कुठं होते, ते सांगा."

आकाशाच्या कडेला उरलेलं जांभळं विझत गेलं.

"मी त्या भिंतीखालून निघालोच नाही, निला," ते म्हणाले. "तूच तिथं येऊन बसलीस माझ्यापाशी. हे त्यांना कसं सांगू?"

ती उठली. दारात आली. तिनं हात पुढे केला.

शरणप्पांनी तो धरला. एक पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं. नजर वर गेली, छतावर खिळली. दुसरं पाऊल उचलेना.

तिनं ओढलं नाही. ते मागे फिरले नाहीत.

अर्ध्या अंगावर पडद्याचा निळा उजेड, अर्ध्या अंगावर काळोख. आत, पडद्यावर, ती भिंत पुन्हा कोसळत होती, पुन्हा कोसळत होती. बाहेर दव पडत होतं. आणि उंबऱ्यावर दोन सुरकुतले हात, एकमेकांत अडकलेले, थरथरत होते, थरथरतच होते.