शिंप्याच्या पाठीवरची लिंबाएवढी गाठ

मित्रांनो, पर्वत कोणाला विचारून उभे राहत नाहीत. कोणाचं काही घेत नाहीत, युगानुयुगं आपल्या जागी शांत बसून असतात. मीही त्यांच्याच कुळातली. मी एक जुनी चरबीची गाठ आहे. उंची अर्ध्या लिंबाएवढी, मुक्काम एका शिंप्याच्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या जरा खाली.

माझ्या जन्माची नोंद नाही. चरबीच्या चार पेशी एकदा बैठकीला बसल्या आणि बैठक उठलीच नाही, एवढंच ऐकून आहे. मी मटाराएवढी असतानाच शिंपीणबाई म्हणाल्या होत्या, "अहो, दाखवून या." शिंपीबुवा म्हणाले, "दुखत नाही, खुपत नाही, काय दाखवायचं?" यात बारा वर्षं गेली.

शिंप्याला मात्र वाकडं दिसलेलं सोसत नाही. त्यांनी आपल्या शर्टाला डावीकडे आतून कापूस भरला आणि मला जुळी बहीण दिली. पाठ इतकी भारदस्त दिसायला लागली की एका वकीलसाहेबांनी तसाच शर्ट शिवून मागितला. ते माझ्या आयुष्यातले वैभवाचे दिवस.

पण मनात धाकधूक होतीच. दर सोमवारी दुकान उघडण्याआधी बुवा शर्ट काढून माझ्यावरून छातीभोवती टेप गुंडाळत. पाठीला हात पोचत नाही आणि दुसऱ्याला सांगायची लाज, म्हणून ही युक्ती. माप अडतीस. वर्षानुवर्षं अडतीस. मग जुन्या टेपचे आकडे पुसले गेले, नवी टेप आली आणि त्या सोमवारी माप भरलं साडेअडतीस.

आठवड्यात अर्धा इंच. बुवांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवसापासून जेवण निम्म्यावर आलं. ते शिंपीणबाईंना कापड बेतायला शिकवू लागले.

"मला काज-बटणं बस झाली. हे कशाला?"

"असू दे. उद्या मी असेन, नसेन."

"कुठे निघालात?"

बुवांनी कात्री पुढे सरकवली. पण त्याच दुपारी त्यांनी एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. बाईंनी सदरा त्यांच्यापुढे धरला. "आता बोला." मग सगळं बाहेर आलं.

बाईंनी ऐकून घेतलं. खोक्यातून जुनी टेप काढली आणि नवीशेजारी टेबलावर पसरली. जुनी चांगली इंचभर लांब भरली. ओढून ओढून ती सैल पडली होती.

"गाठ नाही वाढली. टेप ताणली होती तुमची."

बुवांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे सुटलो. आता डॉक्टर कशाला?"

"टेपला डॉक्टरकी कळते का? गिऱ्हाइकाचं माप वहीत आणि स्वतःचं पोटात. चला, चप्पल घाला."

डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाच्या होत्या. बोटांनी मला हलवून पाहिलं. मी मऊ, दाबलं की सरकणारी, माझी वागणूक त्यांना पसंत पडली. तरी सोनोग्राफी झालीच.

"चरबीची गाठ आहे, काका. निरुपद्रवी."

"पुढे कॅन्सर..."

"अशा गाठीचा जवळजवळ कधीच होत नाही. खुपत असेल, नको वाटत असेल तर काढू, छोटं ऑपरेशन आहे. नाहीतर राहू द्या. पण भराभर वाढली, कडक झाली, दुखायला लागली, तर लगेच यायचं. आणि नवी कुठली गाठ आली तर तीसुद्धा दाखवायची. बारा वर्षं थांबायचं नाही."

"ऐकलंत?" शिंपीणबाई म्हणाल्या.

"ऐकलं. राहू दे तिला. बारा वर्षांची ओळख आहे."

त्या दुपारी बुवा दोन भाकऱ्या जास्त जेवले. मला वाटतं, थोडा वाटा माझ्याकडेही आला.

मित्रांनो, अंगावर गाठ दिसली तर घाबरू नका आणि लपवूही नका. आमच्यातल्या बऱ्याचजणी गरीब स्वभावाच्या असतात. पण कोण गरीब आणि कोण डांबिस, हे आम्हाला विचारून ठरवू नका, डॉक्टरांना विचारा. माणसाचं आयुष्य मोलाचं आहे, त्याची हेळसांड करू नका.

आणि एक राहिलंच. दाखवायला जाल तेव्हा बनियन धुतलेला घाला. आम्हालाही लाज असते.