सुतकातला थर्मोस्टॅट

सासूबाई जाऊन नऊ दिवस झाले, तरी विभावरीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. अग्रहारातल्या, म्हणजे ब्राह्मणआळीतल्या बायका यायच्या, पदर डोळ्यांना लावायच्या आणि पदराआडून तिच्याकडे बघायच्या. वाईट वाटतंय का, हे तिचं तिलाच नीट कळत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा आपलाच असून परका होतो, तशी ती सगळी झाली होती.

एक मात्र तिनं ठरवलं होतं. उद्या दहाव्याला तुळसाबाईंच्या अस्थी श्रीरंगपट्टणला नदीवर न्यायच्या, त्या त्यांच्याच मारुतीतून. बन्नूरच्या शाळेत शिकवायला त्या याच गाडीनं जात-येत, स्वतः चालवत. घरच्या चालीप्रमाणे नदीवर पुरुषांनीच जायचं. पण या गाडीचा तिसरा गिअर आता विभावरीखेरीज कुणाच्या हाताला लागत नव्हता. गाडी निघाली तर ती जाणार. नाहीतर चुलतदीर प्राणेशच्या मोठ्या गाडीतून पुरुष जाणार आणि ती दारात उभी राहणार.

आणि सकाळी पेट्रोलला नेली, तर गाडी कोपऱ्यावरच उकळली.

"बेडा ग वैनी, नको," नणंद श्रीलक्ष्मी म्हणाली. "प्राणेशची गाडी आहे की. सुम्ने, उगीच कशाला जीवाला त्रास?"

विभावरीनं बॉनेट उघडून हात लावून बघितलं. इंजिन भट्टीसारखं तापलं होतं आणि रेडिएटरचा वरचा पाइप गार. म्हणजे थर्मोस्टॅट मिटून बसला होता, पाणी पुढे सोडतच नव्हता. हे तुळसाबाईंनीच शिकवलेलं. नाशिकहून आलेल्या नव्या सुनेला सासू पुरणपोळी शिकवेल असं वाटलं होतं. सासूनं हातात पाना दिला. "कन्नड नंतर शीक. हा दहाचा, हा बाराचा."

इंजिन निवेपर्यंत तिनं दुकानातून नवा भाग आणला. दोन बोल्ट काढले, जुना थर्मोस्टॅट उपसला, सांध्यात चिकटून बसलेली गॅस्केटची चकती ब्लेडनं खरवडली. हात आपोआप चालत होते. पण नवा भागही उकळत्या पाण्यात उघडतो का ते बघूनच बसवायचा, हा सासूबाईंचा नियम. दुकानदारावर विश्वास ठेवावा, पण पाणी उकळून.

तिनं पातेल्यात पाणी घेतलं आणि लायटर उचलला.

"आय्यो! वैनी!" श्रीलक्ष्मी धावत आली. "दहा दिवस घरात चूल पेटवायची नाही ना! नागरत्ना शेजारून डबा देतेय ते कशासाठी?"

"स्वयंपाक नाही करत, ताई."

"मग?"

"थर्मोस्टॅट उकडतेय."

श्रीलक्ष्मीनं लायटरवर हात ठेवला. "आई असती तर—"

"आईंनीच सांगितलंय."

नऊ दिवस गार पडलेली शेगडी तिसऱ्या खटक्याला पेटली. थर्मोस्टॅटला दोरा बांधून विभावरीनं तो लाटण्यावरून पाण्यात सोडला. दोघी पातेल्यात डोकावून उभ्या. बुडबुडे आले, पाणी खळखळलं, आणि मधली पितळी चकती हळूहळू करंगळीच्या नखाएवढी उचलली गेली.

"उघडलं ग!" श्रीलक्ष्मी म्हणाली.

विभावरीला वाटलं, आता आपल्याही आत काही होईल. काही झालं नाही. वाफेनं चष्मा भरला, तो तिनं पुसला.

"गॅस पेटवलाच आहेस तर..." श्रीलक्ष्मीचा आवाज खाली आला. "पलीकडे कॉफी ठेव की. नागरत्ना देते प्रेमानं, पण नुसतं पाणी."

मग थर्मोस्टॅट बसवला: स्प्रिंग इंजिनच्या बाजूला, नवं गॅस्केट, बोल्ट आळीपाळीनं. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, हवा निघेपर्यंत पाणी भरत, संध्याकाळी काम संपलं.

सकाळी प्राणेशची गाडी फाटकाशी आली. त्याचे वडील दत्तोजीराव आधीच आत बसले होते. अस्थी घरात घेत नाहीत म्हणून मडकं अंगणातल्या पेरूला टांगलं होतं. विभावरीच्या नवऱ्यानं, संकर्षणनं, ते उतरवलं आणि तो दोन गाड्यांच्या मधोमध उभा राहिला.

"दादा, ये. एसी लावलाय," प्राणेश म्हणाला. "वैनी, ही वाटेत उकळली तर? गुरुजी थांबायचे नाहीत."

विभावरीनं इंजिन सुरू केलं. तापमानाचा काटा चढत चढत मधोमध आला. पाच मिनिटं गेली, दत्तोजीराव दोनदा खाकरले. काटा तिथंच.

"या, बघा," एवढंच ती म्हणाली.

प्राणेशनं वाकून बघितलं आणि तो बाजूला झाला. संकर्षण मारुतीपाशी आला. "हे घेऊन मागे बसू?"

"पुढे बस. आई मागे कधी बसल्यात?"

तो बसला, मडकं मांडीवर घेतलं. विभावरीनं आरसा सरळ केला, क्लच दाबला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"पट्टा मडक्यावरून घे."